मदत हवी आहे: शंटचा व्हॉल्व्ह तपासणारं कुणी जळगाव-धुळ्याकडे आहे का?

आम्ही चोपड्याचे. भाच्याला लहानपणापासून व्हीपी शंट आहे, डोक्यातलं पाणी नळीने पोटात उतरतं. मध्यंतरी उलट्या आणि सुस्ती दिसली, तसं रात्रीच जळगाव गाठलं. सीटी झालं, डोक्यापासून पोटापर्यंत एक्स-रे झाले. नळी तुटलेली किंवा सुटलेली नाही. आता पोरगा बरा आहे, पण रिपोर्टमध्ये ‘व्हेंट्रिकल मोठे’ (म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या) लिहिलंय. मुंबईचे सर्जन म्हणतात, एकट्या फिल्मवरून काही ठरत नाही, बरं असतानाच्या जुन्या सीटीशी ताडून बघावं लागतं. अन् नेमकी तीच सीडी उघडत नाही!

आता एमआरआय सांगितलंय. शंटचा व्हॉल्व्ह (पाणी किती उतरावं ते ठरवणारी झडप) प्रोग्रॅमेबल आहे, म्हणजे सेटिंग बाहेरून बदलता येतं; एमआरआयच्या चुंबकानेही ते बदलू शकतं, म्हणून नंतर लगेच तपासायला हवं. इथल्या सेंटरवाल्याने “काही होत नाही” म्हणत विषयच संपवला, ते मला पटलं नाही.

जळगाव, धुळे, फार तर नाशिकला ते सेटिंग तपासायचं यंत्र कुठल्या न्यूरोसर्जनकडे आहे? भूल न देता लहान मुलांचं झटपट एमआरआय कुठे होतं? खराब सीडीतून स्कॅन कुणी काढून दिलेत का? अनुभव असलेल्यांनीच सांगा, ताई-दादांनो. व्हॉल्व्हचं कार्ड जवळ आहे, मॉडेल मेसेजमध्ये कळवते.