पावसाने दडी मारली की कुंड्यांचं काय करायचं?

वर कुणीतरी लिहिलंय की पावसात खंड पडला की सगळ्या झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, मला नाही पटलं. गच्चीवरच्या छोट्या कुंड्यांना ठीके, पण जमिनीतल्या झाडांना रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच मुळांपर्यंत जाईल असं द्या, नाहीतर मुळं वरवरच राहतात आणि पुढच्या उघडिपीत तीच आधी वाळतात. २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, असं परत होणारच नाही असं कोण सांगणार!

आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणाऱ्यांनो, ते एकदा पूर्ण वाळलं ना की वरून घातलेलं पाणी पटकन शोषत नाही, कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. अशी कुंडी सरळ पाण्याच्या टबात ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. वर पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंच थर हवाच, फक्त खोडाला चिकटवू नका, कुजतं. मोठ्या वाफ्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर ते हळूहळू पाझरत राहतं, रंग दिलेलं नको मात्र.

टोमॅटोवाल्यांना वेगळंच टेन्शन. कोरड्यानंतर एकदम धो धो आला की फळं तडकतात, त्यामुळे रंग धरायला लागलेली आधीच काढून घ्या, घरात पिकतात. आणि तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्याही काढा बरं का, नाहीतर डासांची सोय.