मदत हवी आहे: करवंदाचं सिरप करायला गेले, जेली झाली. शनिवारी पाहुणे आहेत!

माडाखालची पुणेकर

शनिवारी संध्याकाळी सहा जण येणार आहेत आणि आज बुधवार, म्हणून जरा घाईत लिहिते आहे. नवऱ्याचे शाळेतले मित्र, बायकांसह. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून बसले आहे की "बिअर-बिअर आणू नका, मी करवंदाचं कॉकटेल करणार आहे." आता तोंडावर पडायची वेळ आली आहे.

पुण्याहून म्हापशाला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. आमच्या घरमालकीणबाईंच्या (त्यांना सगळे आंटी म्हणतात) भावाची काजूची बाग आहे, त्यांनी दोन बाटल्या हुर्राक दिला आहे. माहीत नसणाऱ्यांसाठी: काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरवतात तो हुर्राक, आणि पुन्हा उतरवली की फेणी. हुर्राक सौम्य असतो, साधारण 15 टक्क्यांच्या आसपास. फेणी 40 च्या वर. शुक्रवारच्या बाजारात एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. बघितल्यावर राहवलं नाही, किलोभर घेतली. डोक्यात चित्र असं की उंच ग्लास, बर्फ, खाली गडद जांभळा रंग, वर हुर्राक आणि सोडा.

आतापर्यंतचे पराक्रम:

पहिल्यांदा पाव किलो करवंदं धुऊन सरळ मिक्सरमध्ये फिरवली. बिया भरडल्या गेल्या आणि रस कडूशार झाला. वर भांड्याला आतून जो चीक बसला आहे तो अजून निघालेला नाही. पात्याखालच्या खाचेत बोट घातलं तर च्युइंगगम ओढल्यासारखी तार निघते. साबण, गरम पाणी, लिंबू सगळं झालं.

दुसऱ्यांदा शहाणपण सुचलं. अर्धा किलो करवंदं दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी घालून वीसेक मिनिटं उकळली, डावाने ठेचली, दोन लिंबं पिळली आणि गाळून घेतलं. रंग काय सुंदर आला! बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बाटली उलटी केली तर काहीही पडेना. सुरी घालून बघितलं, चक्क जेली.

तिसऱ्यांदा म्हटलं वाया कशाला घालवा. दोन चमचे जेली किंचित कोमट केली आणि हुर्राक वाचवायचा म्हणून आधी घरात असलेल्या फेणीत घालून ढवळली. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग सोडल्यावर जसे धागे होतात ना, तसे जांभळे धागे तरंगायला लागले. नवरा म्हणाला, "जेलीफिश आहे का?" मी उत्तर दिलं नाही.

तर प्रश्न असे: पातळ राहणारं सिरप कसं करायचं? ते धागे कशाचे? आणि चीक कसा काढू? पाव किलो करवंदं शिल्लक आहेत, म्हणजे चूक करायची एकच संधी आहे.

काळी मैना

आधी सांगा, कोंबडा निघाला की कोंबडी? 😄

(लहानपणी करवंद दाताने फोडून आत लाल दिसलं की कोंबडा, पांढरं दिसलं की कोंबडी. आमच्या आजोळी यावर मारामाऱ्या व्हायच्या.)

चिकावर उपाय सोपा आहे. फणस चिरताना हाताला तेल लावतो ना, तेच. कोरड्या भांड्याला आतून खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं ठेवा, कागदाने पुसून घ्या आणि मग साबण लावा. पाण्याने चीक सुटत नाही, उलट घट्ट बसतो. पात्याखाली जुना टूथब्रश चालवा.

चुलीवरची रसायनशाळा

ताई, तुम्ही नकळत करवंदाची उत्तम जेली केली आहे. कोकणात घरोघरी मुद्दाम करतात, अगदी ह्याच कृतीने.

करवंदात पेक्टिन भरपूर असतं. फळ पाण्यात उकळलं आणि ठेचलं की ते रसात उतरतं. पेक्टिन, साखर आणि आंबट हे तिघं एकत्र आले की गार झाल्यावर घट्ट होतात. साखर तुम्ही घातलीत, आंबटपणा करवंदाचा होताच, त्यात लिंबंही पिळलीत. म्हणजे सगळं अगदी जुळून आलं.

आता धागे. पेक्टिन पाण्यात विरघळतं, पण कडक दारूत विरघळलेलं राहत नाही, गोळा होऊन बाहेर येतं. जॅम करणारे लोक याचाच उपयोग करून परीक्षा घेतात: एक चमचा रसात तीन चमचे स्पिरिट घालून हलवायचं, घट्ट गोळा जमला तर पेक्टिन भरपूर आहे असं समजायचं. (ते मिश्रण टाकून द्यायचं, प्यायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) तुमच्या ग्लासात झालं ते तेच. दारू जितकी कडक तितका हा प्रकार जास्त. हुर्राकात इतका त्रास झाला नसता, पण जेली ती जेलीच, सोड्यात गिळगिळीत तुकडे राहिलेच असते.

मला एक शंका आहे. करवंदं सगळी काळी होती का? काही लालसर, कडक असणार असं वाटतं.

माडाखालची पुणेकर

होती! निम्मी तरी लाल होती. आंबटपणा येईल म्हणून मी मुद्दाम निवडून त्या भांड्यात टाकली. 🤦‍♀️

@काळी मैना, तेलाने चीक निघाला. पाच मिनिटांत. दोन दिवस मी त्या भांड्याशी कुस्ती खेळत होते. आणि कोंबडाच.

चुलीवरची रसायनशाळा

मग झालं. अर्धवट पिकलेल्या फळात पेक्टिनही जास्त आणि चीकही जास्त. उरलेल्या पाव किलोतून फक्त काळी, बोटाने दाबली की दबणारी निवडा. लाल असतील ती मीठ-मिरची लावून खाऊन टाका.

आणि विस्तव पेटवूच नका. प्रत्येक करवंदाला सुरीने उभी चीर द्या. मीठ घातलेल्या गार पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, चीक पाण्यात उतरतो, पाणी दुधाळ दिसेल. ते ओतून द्या, पुन्हा धुवा, फडक्यावर कोरडी करा. मग काचेच्या बरणीत करवंदं आणि साखर असे थर द्या. पाव किलोला दीडशे ग्रॅम साखर पुरे. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मधे एक-दोनदा बरणी हलवा. साखर आपोआप रस ओढून घेते. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. पिळू नका. हात शिवशिवतील, तरी पिळू नका. पिळलं की गर उतरतो, गराबरोबर पेक्टिन येतं, आणि पुन्हा जेलीफिश.

रस थोडाच निघेल, पण दाट आणि फळाच्या खऱ्या चवीचा. उकळलेल्या करवंदाला जॅमचा वास येतो, याला येत नाही.

बार्देशकर

मी जन्माने इथलाच, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हुर्राकात आम्ही लिंबू पिळतो, चिमूटभर मीठ घालतो, एक हिरवी मिरची उभी चिरून सोडतो आणि वर लिम्का किंवा सोडा. झालं. दोन-तीन महिने येणारी गोष्ट आहे, तिला कशाला एवढा साजशृंगार? फेणीचं वेगळं. ती दोनदा उतरवलेली, बाटलीत वर्षानुवर्षं राहते. 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राक मात्र मार्च ते मे प्यायचा आणि विसरायचा.

पण करायचंच ठरवलं असेल तर दोन गोष्टी पाळा. एक, तुमच्या बाटल्या कधीच्या आहेत ते आंटींना विचारा. हुर्राक ताजाच चांगला, ठेवून ठेवून त्याचा वास उतरतो. बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला नको. दोन, सिरप कमी घाला. काजूच्या बोंडाचा तो वास पुढे यायला हवा, करवंद त्याच्या मागून. उलटं झालं तर सरबतात दारू पडल्यासारखं लागेल.

आणि पाहुण्यांना आधी सांगा. गोड, गार आणि पिताना काहीच न जाणवणारा, पण पोटात गेल्यावर हिशेब मागतो. माझ्या पुण्याच्या मेव्हण्याने "हे तर लिंबूपाणीच आहे" म्हणत चार ग्लास घेतले होते. रात्री त्याला पायऱ्या उतरवायला आम्ही तिघं लागलो.

निव्वळ सरबत

सहापैकी कुणी गाडी चालवणारं असेल, कुणी न पिणारं असेल. त्यांच्यासाठी हेच सिरप, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, काळं मीठ आणि सोडा. ग्लास तोच ठेवा, मिरचीही तशीच सोडा, म्हणजे त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. माझ्यासारख्या माणसाला पार्टीत नेहमी प्लॅस्टिकच्या कपात कोमट कोला मिळतो, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत जूनमध्ये स्ट्रॉबेरी आल्या की 'एर्डबेअरबोले' करतात, त्याचं तत्त्व हेच. स्ट्रॉबेरीचे तुकडे साखर आणि थोड्या व्हाइट वाइनमध्ये गार जागी मुरवायचे आणि पाहुणे आले की त्यावर उरलेली गार वाइन आणि झेक्ट, म्हणजे इथली फसफसणारी वाइन, ओतायची. मोठ्या काचेच्या भांड्यातून पळीने वाढतात. शिजवत काहीच नाहीत. माझ्या शेजारणीने शिकवलेली एक युक्ती इथेही चालेल: फसफसणारं पेय अगदी शेवटी, भांड्याच्या कडेने हळू ओता आणि त्यानंतर ढवळू नका. आधीच घालून ठेवलं तर वाढेपर्यंत त्यातला जीव जातो.

करवंद खाऊन मात्र नऊ वर्षं झाली. द्रोण म्हटल्याबरोबर तोंडाला पाणी सुटलं.

घाटवाट

पाहुणे महाराष्ट्रातून येत असतील तर जाताना त्यांच्या हातात उरलेली बाटली प्रेमाने देऊ नका. गोव्याची दारू विनापरवाना महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. जेली द्या. जेलीला कुणी अडवत नाही.

माडाखालची पुणेकर

घाटवाट, तुमच्यामुळे नवरा हिरमुसला. त्याने एक बाटली आधीच कुणाला तरी कबूल केली होती.

काल रात्री बरणी भरली. निवडून 220 ग्रॅमच काळी निघाली. चिरा देताना बोटं जांभळी झाली, ती अजून तशीच आहेत, ऑफिसात सगळे विचारत होते. मिठाच्या पाण्यात खरंच दुधासारखा चीक उतरला. सकाळी बरणीत खाली दोन बोटं रस! फडक्यात बांधून फ्रीजमध्येच चाळणीवर टांगून ठेवलं, पिळलं नाही. (एकदाच जरासं दाबलं. लगेच थांबले.) पाऊण वाटीपेक्षा थोडा जास्त निघाला. सहा-सात ग्लासांना होईल का? प्रमाण काय धरू?

चुलीवरची रसायनशाळा

पाऊण वाटी म्हणजे दीडशे मिलि धरू. ग्लासाला वीस मिलि, म्हणजे चार छोटे चमचे. त्यात अर्धं लिंबू, मीठ, दोन घोट सोडा घालून आधी हे सगळं ढवळा, मग बर्फ, मग 60 मिलि हुर्राक, वर उरलेला सोडा. सिरप आधी पातळ केलं की गाठींची भीती उरत नाही. फेणी वापरलीत तर 30 मिलिच घ्या आणि क्रम हाच ठेवा.

बार्देशकर

मिरची विसरू नका.

माडाखालची पुणेकर

रविवार सकाळ. घर अजून आवरायचं आहे, पण तुम्हाला आधी सांगते.

धागे नाहीत, गोळे नाहीत. वर फिका आणि खाली गडद असा रंग मात्र नाही आला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी ढवळल्यामुळे सगळा ग्लास एकसारखा गुलाबी. मला ते थर हवे होते, म्हणून एका ग्लासात सिरप शेवटी कडेने सोडून बघितलं. तळाशी जाऊन छान बसलं आणि एकही गाठ झाली नाही. बहुधा हुर्राक सौम्य आणि वर सोडाही होता म्हणून. पण पिणाऱ्याला आधी नुसतं आंबट आणि शेवटी नुसतं गोड लागलं. बाकीचे ग्लास ढवळूनच दिले.

मिरचीने कमाल केली. करवंदाचा तुरटपणा आणि मिरचीचा झणका घशात एकदम येतो. दोन जणांनी न पिणारं घेतलं आणि जिऱ्यामुळे त्यांच्याच ग्लासातून बाकीचे घोट घोट मागत होते. @निव्वळ सरबत, हे तुमच्यासाठी.

आंटींनाही बोलावलं होतं. त्यांनी एक ग्लास घेतला, मान डोलावली, आणि दुसरा ग्लास लिंबू-मिठाचा साधाच मागितला. बार्देशकर, तुम्ही खूश.

फडक्यात उरलेला साखरेतला चोथा टाकला नाही. बिया काढून, मीठ आणि लाल तिखट घालून परतला, माशांबरोबर वाढला, तो सगळ्यात आधी संपला. आणि बुधवारची जेली? सकाळी आंटींनी पोदेराकडून (इथला पाववाला) पोई, म्हणजे इथला पाव, आणली आणि लोणी लावून त्यावर ती जेली खाल्ली. आता त्या विचारताहेत, ही तू नेमकी कशी केलीस, परत करशील का. म्हणजे पुढच्या बाजारातून मला लाल करवंदं निवडून आणायची आहेत. शुक्रवारपर्यंत पाऊस पडला नाही म्हणजे मिळवली.