मान्यता म्हणजे पैसा नव्हे
‘नव्या वैद्यकीय उपकरणाला एफडीएची (अमेरिकेत औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मिळाली की पुढचा पैसा आपोआप येतो’, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनचंच बघा, म्हणजे शरीरात बसवलेल्या बॅटरीच्या उपकरणातून मानेतल्या व्हेगस नसेला सौम्य वीज देण्याचा उपचार. नैराश्यासाठी २००५ मध्ये मान्यता मिळाली, पण २००७ मध्ये मेडिकेअरने (अमेरिकेची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) खर्च द्यायला नकार दिला. कारण सरळ होतं: १० आठवड्यांच्या चाचणीत उपकरण सगळ्यांना बसवलं, निम्म्यांचं बंद ठेवलं, आणि दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. २०१९ मध्ये दार किलकिलं झालं, तेही अभ्यासात सामील रुग्णांपुरतंच.

त्यामुळे अशा उपकरणाच्या चाचणीसाठी निधी मागतानाच चालू आणि बंद गटांच्या तुलनेचा टप्पा लांबवा, बंद गटाच्या उपकरणांचा खर्च धरा. आणि चाचणी संपल्यावर बॅटरी बदलायची शस्त्रक्रिया कोणाच्या खिशातून? अंदाजपत्रकातला हा रकाना बहुतेक कोराच असतो.