ओटी-२ चा आतला कॅमेरा: रन सुटण्याआधी डेक तपासायला पुरतो का?

महापे_बेंच

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये ओपनट्रॉन्सचा ओटी-२, म्हणजे प्लेटमध्ये द्रव मोजून टाकणारा रोबो आहे, डावीकडे पी२० सिंगल पिपेट, उजवीकडे पी३०० आठ-चॅनल. संध्याकाळी प्लेट लावून सगळे निघतात, रन रात्री एकटाच चालतो. आतल्या कॅमेऱ्याकडून दोन कामं हवी आहेत. एक, रन सुटण्याआधी टिप रॅक (पिपेटला लावायच्या टोकांचा ट्रे) पूर्ण भरलेला आहे का आणि प्लेट डेकवरच्या (सामान मांडायच्या तळावरच्या) ठरलेल्या स्लॉटमध्येच आहे का. दोन, प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) २०० मायक्रोलिटर पडलं का.

सध्या प्रोटोकॉलमध्येच (रोबोच्या कामाच्या प्रोग्राममध्ये) पायथनच्या सबप्रोसेसने एफएफएमपेग (कॅमेऱ्यातून फोटो-व्हिडिओ घेणारा प्रोग्राम) चालवून फोटो काढतो. अडचणी अशा: प्रोटोकॉल ॲपमध्ये चढवतानाच एरर येते, फोटो आला तर काळपट-हिरवट येतो, आणि मधूनच 'डिव्हाइस बिझी' म्हणून काहीच येत नाही. झाकणाच्या आत दुसरा कॅमेरा बसवायला जागा नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

रबाळे_पिपेट

तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत.

ॲपमधली एरर: प्रोटोकॉल चढवला की ॲप तो आधी तुमच्या पीसीवर कोरडा चालवून बघतो. तिथे ना रोबोचा कॅमेरा, ना त्याचं एफएफएमपेग. फोटोचा सगळा भाग 'इज_सिम्युलेटिंग' खरं नसेल तरच चालेल अशा अटीत टाका.

काळपट फोटो: कॅमेरा उघडल्यावर ऑटो एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स स्थिरावायला थोडा वेळ लागतो आणि तुम्ही पहिलीच फ्रेम उचलताय. एफएफएमपेगमध्ये '-एसएस १' हा पर्याय इनपुटच्या नंतर लिहा, म्हणजे पहिल्या सेकंदाच्या फ्रेम वाचून टाकून दिल्या जातात. फोटोच्या आधी 'सेट_रेल_लाइट्स'ने आतले दिवे लावा आणि दोन सेकंद थांबा.

डिव्हाइस बिझी: एका वेळी एकच प्रोसेस कॅमेऱ्यातून चित्र घेऊ शकते. पार्श्वभूमीत व्हिडिओ सुरू केला आणि रन मधेच रद्द झाला, तर ते एफएफएमपेग मागे तसंच चालू राहतं. पुढचा प्रत्येक फोटो त्यामुळेच अडतो. एसएसएचने (पीसीवरून लॉगिन करून) रोबोच्या आत जाऊन 'किलऑल एफएफएमपेग' केलं की मोकळं होतं. व्हिडिओ घ्यायचाच असेल तर '-टी'ने मुदत घाला. रात्रभराचा सलग व्हिडिओ मात्र घेऊ नका. आत रास्पबेरी पाय ३ आहे, प्रोटोकॉलही तोच चालवतो. एन्कोडिंगचं ओझं त्याच्यावर टाकून मिळतं काय? दर मिनिटाला एक फोटो पुरेसा आहे.

खरं तर फोटो प्रोटोकॉलमधून काढूच नका. रोबोच्या एचटीटीपी एपीआयमध्ये सोय आहे: पोर्ट ३१९५० वर 'कॅमेरा/पिक्चर' या पत्त्याला पोस्ट रिक्वेस्ट पाठवली की उत्तरात जेपेगच येते. हेडरमध्ये 'ओपनट्रॉन्स-व्हर्जन' द्यायला विसरू नका, नाहीतर ४२२ एरर येईल. फोटो थेट पीसीवर येतो, रोबोच्या डिस्कवर काही साठत नाही. आधीचे फोटो रोबोवरून उतरवायचे असतील आणि एससीपी (फाइल कॉपी करायची कमांड) अडत असेल, तर कमांडमध्ये कॅपिटल 'ओ'चा पर्याय द्या. ओपनएसएसएच ९ पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरते आणि रोबोवर तो सर्व्हर नाही.

घोडबंदर_व्हिजन

वरचं सगळं बरोबर. पण या कॅमेऱ्याला काय दिसू शकतं याचा हिशोब आधी करा, म्हणजे दुसरी अपेक्षा आपोआप गळेल.

फोटो ६४० × ४८० पिक्सेलचा. स्लॉटमधलं अंतर आडवं १३२.५ मिमी, उभं ९०.५ मिमी, म्हणजे तीन रकाने मिळून जवळपास ४०० मिमी. फ्रेममध्ये डेकबाहेरचाही भाग येतो, तेव्हा एका मिलिमीटरला फार तर दीड पिक्सेल धरा. ९६-वेल प्लेटची पिच (दोन वेलमधलं अंतर) ९ मिमी, म्हणजे एका वेलमागे बारा-तेरा पिक्सेल. ३८४ मध्ये पिच ४.५ मिमी, म्हणजे सहा-सातच. वेल रिकामी की रंगीत द्रवाने भरलेली, एवढं यावरून कळेल. पारदर्शक बफर १८० पडला की २००, हे कुठलाही अल्गोरिदम यातून काढू शकणार नाही. त्यासाठी वजन करा: पूर्ण प्लेटला २०० × ९६ म्हणजे १९.२ मिलि, पाण्यासाठी साधारण १९.२ ग्रॅम. आधी-नंतर प्लेट तराजूवर ठेवली की एकूण चूक समजते. वेलनिहाय हवं असेल तर रंग घालून प्लेट रीडर (प्रत्येक वेलमधला रंग मोजणारं यंत्र).

टिप रॅकचं काम मात्र होण्यासारखं आहे आणि करायलाच हवं, कारण ओटी-२ मध्ये टिप बसली की नाही हे सांगणारा सेन्सर नाही. आठ-चॅनलच्या रकान्यात एक टिप कमी असेल तर रोबो सात टिपांनिशी मुकाट्याने पुढे जातो आणि त्या टिपेच्या वाट्याच्या वेल कोरड्या राहतात.

पद्धत: चार आर्यूको मार्कर (सॉफ्टवेअरला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोन), ४ × ४ जातीचे, ३० मिमीचे. साध्या मॅट कागदावर छापा. लॅमिनेशन केलं तर रेल लाइटची चमक नेमकी मार्करवर बसते. मार्करच्या कोपऱ्यांवरून होमोग्राफी (तिरपा फोटो सपाट करायचं गणित) काढली की फोटो वरून पाहिल्यासारखा सपाट होतो आणि प्रत्येक टिपेची जागा पिक्सेलमध्ये मिळते.

इथे बहुतेकजण फसतात. होमोग्राफी एकाच पातळीसाठी खरी असते. मार्कर डेकवर चिकटवले आणि टिपांची तोंडं डेकपासून ६४ मिमी वर असली, की मधला स्लॉट बरोबर दिसतो आणि कडेच्या स्लॉटमध्ये वर्तुळं शेजारच्या टिपेवर सरकतात. कॅलिब्रेशनच्या वेळी मार्कर रिकाम्या टिप रॅकच्या माथ्यावर ठेवा. ९६-वेल प्लेट १४ मिमीच्या आसपास उंच असते, तिच्यासाठी वेगळी होमोग्राफी. कॅमेरा गँट्रीबरोबर (पिपेट फिरवणाऱ्या हाताबरोबर) हलत नाही, त्यामुळे हे एकदाच करावं लागतं. रोबो जागचा हलवला किंवा कॅमेऱ्याला धक्का लागला तर पुन्हा.

मग प्रत्येक टिपेच्या चौकोनातली सरासरी उजळता भरलेल्या आणि रिकाम्या रॅकच्या संदर्भ-फोटोंशी ताडा. फिल्टर टिप असतील तर पांढरा फिल्टर वरून दिसतो, फरक ठळक येतो. साध्या अर्धपारदर्शक टिपांना भरलेलं-रिकामं ठरवणारा हाच उंबरठा चालणार नाही, वेगळा ठरवा. हे सगळं पीसीवर करा. रोबोवर ओपनसीव्ही (फोटो तपासायची लायब्ररी) आलेलं नसतं आणि त्याच्या लिनक्सवर बसवत बसण्यात हशील नाही.

महापे_बेंच

द्रवाचा मुद्दा पटला, तो सोडला. पण तपासणी पीसीवर झाली तर रन तोवर थांबवायचा कसा? आणि फोटोत गँट्री आडवी येते, त्याचं काय?

रबाळे_पिपेट

प्रोटोकॉलच्या सुरुवातीला आधी 'होम' (गँट्री मूळ जागी नेणं), मग रेल लाइट, मग 'पॉज'. होम झाल्यावर गँट्री मागे उजव्या कोपऱ्यात, कचरापेटीच्या बाजूला जाते. त्या भागातले स्लॉट थोडे झाकले जातात, म्हणून तपासायचे रॅक पुढच्या दोन ओळींत ठेवा. रनच्या मधे असा फोटो घ्यायचा असेल तर टिप टाकून दिल्यावरच होम करा. होम करताना प्लंजरही (पिपेटचा दट्ट्या) वर जातो. टिपेत द्रव असेल तर तो पिपेटच्या आत ओढला जाऊ शकतो.

पीसीवरची स्क्रिप्ट 'रन्स' या पत्त्यावर चालू रनची स्थिती दर दोन-तीन सेकंदांनी विचारते. 'पॉज्ड' दिसलं की फोटो, तपासणी, आणि सगळं ठीक असेल तर त्याच रनच्या 'ॲक्शन्स'ला 'प्ले' पाठवायचं. ठीक नसेल तर काहीच पाठवायचं नाही. रन थांबलेलाच राहतो आणि निघणाऱ्याला मेसेज जातो. स्क्रिप्ट मेली तरी रोबो थांबलेलाच राहतो. उलट मांडणी, म्हणजे रन चालू ठेवून चूक दिसली तर थांबवायचा, मला धोक्याची वाटते. दार उघडल्यावर थांबण्याची सेटिंग चालू असेल तर दार नीट लागेपर्यंत 'प्ले' स्वीकारलं जाणार नाही, हेही स्क्रिप्टमध्ये धरा.

खारघर_क्यूए

दोन गोष्टी राहिल्या.

टेंपरेचर मॉड्यूल (डेकवरचा प्लेट थंड-गरम ठेवणारा भाग) ४ अंशांवर असेल तर फोटो थंड करण्याआधीचा घ्या. एसी लावून खोली २४ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के ठेवली तरी दवबिंदू १४ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे प्लेटवर थेंब जमणारच. पावसाळ्यात, त्यातून रात्री एसी बंद करायची पद्धत असेल तर, विचारू नका. ते थेंब दिव्यात चमकतात आणि उजळतेवर चालणारी तुलना गडबडते. पश्चिमेची खिडकी असेल तर पडदाही लावा. संदर्भ-फोटो सकाळचा आणि तपासणी संध्याकाळी साडेपाचची असली की निम्मे रॅक 'रिकामे' निघतात.

दुसरं, वेळ. रास्पबेरी पाय ३ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. रोबो इंटरनेटला जोडलेला नसेल तर बंद-चालू केल्यावर त्याची वेळ भलतीच असू शकते. फोटोच्या नावात पीसीची वेळ आणि रन आयडी घाला. हे फोटो बॅच रेकॉर्डला जोडणार असाल तर मूळ जेपेग लिहिता न येणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सपाट केलेली प्रत वेगळी ठेवा. ऑडिटर मूळ फाइलच मागतो.