प्रतिसाद: लांबून टिपण्याबद्दल

रस्त्यावरच्या गरीब माणसांचे फोटो 'लांबून २०० एमएमने (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने) टिपलं की भाव खरे येतात' हे या चर्चेतलं एकाचं म्हणणं पटलं नाही. त्यात समोरच्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. तुर्भ्यात कचरा वेचणाऱ्या बायका असोत की नाक्यावर कामाची वाट बघणारे मजूर, ३५ किंवा ५० एमएमची लेन्स लावा, म्हणजे जवळ जावंच लागतं, आणि आधी विचारा. समोरची माणसं खाली बसली असतील तर आपणही उकिडवं बसायचं. उभ्याने वरून काढलं की माणूस बिचारा दिसतो, आणि तो तसा नसतो.

या चर्चेत कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, मोबाइलमध्ये लोकेशन टॅग (फोटो कुठे काढला ते नोंदवणारी सोय) चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये त्या जागेची जीपीएस नोंद जाते. पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबाचा असा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर त्यांचा नेमका ठावठिकाणाही सोबत जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो टॅग आधीच बंद करा.