स्मरण राईडची एंट्री फी २२०० रुपये: भरावी का?

जावा_६९_सातपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे वडिलांची १९६९ ची जावा २५० आहे. मैसूरच्या आयडियल जावाची, किक आणि गिअर एकाच दांडीत असलेली. टाकीवर येझदी हे नाव यायला अजून चार वर्षं होती. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, पहाटेच्या पाळीला याच गाडीवर जायचे. मी सातपूरला टूलरूममध्ये ३४ वर्षं काढून रिटायर झालो, आता ६३ चालू आहे. गाडी अजून चालती आहे ती जुन्या नाशकातल्या एका वस्तादांमुळे. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण ज्यांच्याकडे जावा-येझदी होती त्यांना ते सांगावं लागणार नाही. आमचं इंजिन तीनदा त्यांनीच उघडलं आणि तीनदा त्यांनीच बांधलं. पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) साफ करून गॅप सेट केल्याचे पैसे मात्र त्यांनी आमच्याकडून कधीच घेतले नाहीत. "चहा सांग," एवढंच म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. आता जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ जुन्या गाड्यांची राईड निघतेय. गोल्फ क्लब मैदानावरून सुटायचं, त्र्यंबक, तिथून वैतरणा धरणाच्या अंगाने घोटी, मग हायवेने वाडीवऱ्हे, विल्होळी करत परत. शंभर-एकशेदहा किलोमीटर भरेल. चालवणाऱ्याला २२००, मागे बसणाऱ्याला १२००. त्यात टी-शर्ट, मेडल, सकाळी मिसळ, दुपारी रिसॉर्टवर जेवण आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. पत्रकावर वस्तादांचा फोटो मोठा आहे. बंद पडलेल्या गाडीसाठी टेम्पो आहे का, याबद्दल एक ओळ नाही. जमलेल्या पैशातून त्यांच्या नावाने काही होणार का, तेही लिहिलेलं नाही.

टेम्पोचं एवढं मनावर का घेतो, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राईडला ९०० भरून गेलो होतो. घाटात कंडेन्सर गेला, ठिणगीच बंद. मागून येणारे हात करून पुढे निघून गेले. आयोजकांचा फोन लागला तेव्हा ते जेवणाच्या ठिकाणी स्टेज लावत होते. मी दीड तास गाडी ढकलत ढाब्यापर्यंत आणली आणि टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या पिकअपवाल्याला १५०० देऊन घरी आलो. मेडल दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरी आणून दिलं. ते कपाटात आहे, अजून डबीतून बाहेर काढलेलं नाही.

आमच्या घरून म्हणणं आहे की वस्तादांसाठी जायलाच हवं, पैशाकडे बघू नका. माझंही मन तिकडेच ओढतं. पण ज्या माणसाने पॉइंटचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या नावाने जमवलेले २२०० कुठे जातात हे न विचारता भरणं मला जड जातंय. तुमचा अनुभव काय? अशी फी भरावी का, आणि वाजवी म्हणजे किती?

कॉलेजरोडकर

काका, स्पष्ट सांगतो, नका भरू. माझी राजदूत १७५ आहे. आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी सहाला निघतो, गंगापूर रोडने गिरणाऱ्यापर्यंत, चहा-भजी आणि नऊच्या आत घरी. पेट्रोल सोडून माणशी शंभर रुपये. एकाची बंद पडली की सगळे थांबतात, कुणाच्या डिकीत प्लग असतो, कुणाकडे पाने. फी भरून एकदा गेलो होतो. लोक चांगले भेटले, पण अर्धा दिवस सत्कारात गेला आणि गाड्या उन्हात उभ्या राहिल्या. वस्तादांच्या नावाने आपण आपली राईड काढू, एक रुपया न घेता. तुम्ही या, पुढे तुमची जावा.

हिशेबवही

कॉलेजरोडकर म्हणतात ते सहा गाड्यांना लागू आहे. साठ गाड्या आल्या की एकाची बंद पडली म्हणून सगळ्यांना थांबता येत नाही, आणि हायवेला थांबू नयेच. मी एका लहान क्लबचा तीन वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे आतले आकडे सांगू शकतो.

आमच्या तिसऱ्या वर्षीच्या राईडला ४८ गाड्या होत्या, फी १२००, मागे बसणाऱ्याला काही नाही. जमले ५७,६००. दोन टेम्पो, फळ्या, दोर आणि चढवायला दोन माणसं यांचे ११,००० गेले. डॉक्टरसह ॲम्ब्युलन्स ७,०००. दोन मेकॅनिकची दिवसाची मजुरी आणि सोबतचं सामान (प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच केबल, ट्यूब) ८,५००. स्वयंसेवक धरून सत्तर ताटं, नाश्ता-जेवण मिळून २२,४००. कार्यक्रमाचा विमा ३,५००, परवानग्यांची धावपळ आणि छपाई १,९००. उरले ३,३००. हा कागद आम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवला.

पहिल्या वर्षी मात्र आम्हीही चुकलो होतो. टी-शर्ट, मेडल, स्टेज, साऊंड, शाल-श्रीफळ यावर जेवढे घातले त्याच्या निम्मेसुद्धा रस्त्यावर घातले नव्हते. टेम्पो एकच, आणि त्यात सकाळी नऊलाच एक लॅम्ब्रेटा चढलेली. साडेदहाला चढावर एका येझदीचं पिस्टन धरलं, म्हणजे जाम झालं. तो माणूस दोन तास उन्हात गाडीपाशी बसून होता. मी नंतर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, गाडीबद्दल बोलला, राईडबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी मेडल बंद झालं ते त्या भेटीमुळे.

आणि चढावर पिस्टन का धरतं हे समजून घेतलं तर फी कशासाठी असते ते कळतं. आपली टू-स्ट्रोक जावा-येझदी वाऱ्यावर थंड होते. एकट्याने गेलात तर गाडी आपल्या चालीने चढते. पन्नास गाड्यांची रांग लावली की पुढच्याच्या धुरात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर सरकत राहावं लागतं. वारा लागत नाही. त्यात धूर कमी दिसावा म्हणून कुणीतरी पेट्रोलमध्ये ऑईल कमी टाकलेलं असतं. पिस्टन फुगतं आणि सिलिंडरमध्ये अडकतं. म्हणजे राईडमध्ये गाडीला एरवीपेक्षा जास्त त्रास होतो, आणि तो त्रास आयोजकाने दिलेला असतो. आम्ही नंतर सहा-सहा गाड्यांचे गट करून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडायला लागलो. त्यासाठी प्रत्येक फाट्यावर माणूस उभा करावा लागतो. त्या माणसाचं पेट्रोल आणि जेवण फीमधून जातं, आणि माझ्या मते फीचा सगळ्यात चांगला उपयोग तोच.

स्मरणाच्या नावाने फी घ्यावी का, हा तुमचा खरा प्रश्न. इंग्लंडात १९१५ च्या आधीच्या मोटरसायकलींची ब्रायटनपर्यंतची पायोनियर रन १९३० पासून चालत आली आहे, तिथे प्रवेशाची फी असते. उलट २०१२ मध्ये सिडनीत सुरू झालेली डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राईड नोंदणीचे पैसे घेत नाही. लोक आपल्या ओळखीपाळखीत देणगी गोळा करतात आणि ती प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनाला आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्याच्या कामाला जाते. दोन्ही रीती मला पटतात, कारण कुठला पैसा कशाचा हे माहीत असतं. फी म्हणजे रस्त्यावरचा खर्च, देणगी म्हणजे त्या माणसाची आठवण. एकाच पावतीत दोन्ही घातलं की विचारणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. तुम्हाला आत्ता तेच होतंय.

आमचे उरलेले ३,३०० आणि वर लोकांनी स्वखुशीने दिलेले मिळून आम्ही जावाचा मॅग्नेट पुलर, क्लच पुलर (हे भाग न ठोकता ओढून काढायची हत्यारं) आणि आणखी काही हत्यारं करून घेतली. ती एका गॅरेजात ठेवली आहेत, वहीत नाव लिहून कुणीही नेतं. तुम्ही टूलरूमचे आहात, चांगला पुलर नसला की लोक छिन्नी-हातोड्याने काय करून ठेवतात हे तुम्हाला मी सांगायला नको. वस्तादांच्या नावाने असं काही झालं तर मी आजच माझे हजार देतो.

२२०० मध्ये दोन टेम्पो, ॲम्ब्युलन्स, मेकॅनिक असतील तर भरा. नसतील तर ३०० सुद्धा जास्त.

ओझरची_बुलेट

काका, मी वडिलांची १९७२ ची बुलेट चालवते, आई मागे बसते. फीबद्दल वर सगळं आलंय, मी फक्त कागदांचं सांगते, कारण ते कुणी विचारत नाही.

तुमची पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" हा भाग वाचा. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती तग धरते याची चाचणी) यांना संरक्षण नसतं. त्यामुळे पत्रकावर राईडला काय म्हटलंय आणि पहिल्या येणाऱ्याला बक्षीस आहे का, हे बघाच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा तिच्यात भाग घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाही आहे. लवकर पोचणाऱ्याला ट्रॉफी असेल तर माझं ऐका, जाऊ नका. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा चालू आहे ना, तेही तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांचा फक्त थर्ड पार्टी भरलेला असतो.

आणखी एक. पन्नास वर्षांवरची गाडी आहे तर व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्या, असं राईडमध्ये कुणीतरी सांगेलच. घाई करू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे नव्या नोंदणीला २०,००० आणि पुन्हा नोंदणीला ५,००० लागतात, मुदत १० वर्षं. त्यानंतर ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुमचं नेहमीचं आरसी वेळेवर रिन्यू झालेलं असेल तर तेच बरं. पंचवटीत भाजीला जायचं असेल तर कुठे अर्ज करत बसणार!

मागे बसणाऱ्याचे १२०० मला खटकले. आईने तेवढ्यात एक ताट जेवावं आणि एक टी-शर्ट घ्यावा, जो ती घालणार नाही.

जावा_६९_सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबवही, तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि काल आयोजकांना भेटायलाच गेलो. चार तरुण पोरं आहेत, दोघांनी वस्तादांच्या हाताखाली काम शिकलेलं. मनात काही वाईट नाही. त्यांना वाटलं, मोठी राईड म्हणजे स्टेज आणि मेडल हवंच. टेम्पो एक ठरवला होता, ॲम्ब्युलन्स नव्हती. मी माझी घाटातली गोष्ट सांगितली. ते गप्प बसले. मग त्यातलाच एक म्हणाला, वस्ताद असते तर आधी टेम्पो विचारला असता.

दोन तास बसून कागद पुन्हा केला. मेडल आणि फ्रेम गेली. स्टेज गेलं, घोटीच्या पुढे एका झाडाखाली दोन मिनिटं उभं राहायचं ठरलंय. टेम्पो दोन, ॲम्ब्युलन्स एक, मेकॅनिक तेच चौघं. टी-शर्ट ज्याला हवा त्याने वेगळे पैसे देऊन घ्यायचा. फी १४००, मागे बसणाऱ्याला फक्त जेवणाचे ३५०. ओझरच्या ताईंनी सांगितलेलं शर्यतीचंही विचारलं, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस वगैरे नाही. हत्यारांची कल्पना वस्तादांच्या मुलाला सांगितली. तो उठून आत गेला आणि वडिलांचा पुलर घेऊन आला, दांड्यावर त्यांनी स्वतः खरडलेली दोन अक्षरं आहेत. तो वापरायला द्यायचा नाही, पण त्यावरून नवीन तीन मी टर्नरकडून करून घेतो. माप घेऊन आलोय, मटेरियल माझं.

१४०० भरले. कॉलेजरोडकर, तुमच्या रविवारच्या राईडलाही येणार आहे, आणि तुम्ही सगळे या राईडला या.

वस्तादांच्या मुलाने शनिवारी दुपारी चारनंतर गॅरेज उघडं ठेवायचं कबूल केलंय, पॉइंट सेट करून देणार आहे. येताना पेट्रोलचा पाईप तपासून या, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर नरम पडतं, माझं दोन ठिकाणी फुगलं होतं. टाकीखालच्या पेट्रोल कॉकला लागणारे कॉर्क माझ्याकडे चार जास्तीचे आहेत, हवे असतील त्यांनी सांगा.