मदत हवी आहे: 'गिरी'ला मराठीत काय म्हणावं?

जपानी लेखक इनाझो नितोबे यांच्या 'बुशिदो' (१९००) या सामुराई योद्ध्यांच्या नीतीवरच्या पुस्तकातलं सचोटीवरचं प्रकरण वाचनगटासाठी मराठीत आणतेय. पुस्तक मुळात इंग्रजीतच, पाश्चात्त्यांसाठी लिहिलेलं, त्यामुळे जपानी न येताही काम चाललं होतं. अडलंय ते 'गिरी' या जपानी शब्दावर.

आई-वडील, वरिष्ठ, समाज यांच्याविषयीचं निखळ कर्तव्य, हा त्याचा मूळ अर्थ. पण नितोबेच सांगतात की पुढे ते 'लोक काय म्हणतील' इथवर घसरलं. शब्द तसाच ठेवला तर आपल्याला डोंगरच दिसतो!

'धर्म' लिहून पाहिलं. पण जपानच्या शाळेत धर्मशिक्षण नाही तर नीती शिकवता कशी, या एका बेल्जियन विधिज्ञाच्या प्रश्नानं नितोबे गडबडले आणि त्यातून हे पुस्तक निघालं. तिथे 'धर्म' घातला की मुद्दाच बुडतो. 'कर्तव्य' कोरडं वाटतं, 'लोकलाज' अर्धंच सांगते. 'रीत' जवळची, पण तिला वजन नाही.

तळटीप चालणार नाही, मोठ्यानं वाचायचंय. कर्तव्यापासून लोकांच्या दडपणापर्यंतचा सगळा उतार पेलेल असा शब्द बोलीत किंवा जुन्या पत्रव्यवहारात कुणाला आठवतोय का? की सरळ दोन जागी दोन शब्द वापरू?